इरावतीबाईंचे नाव घ्यायचे तर...

जर्मनी आणि महाराष्ट्र यांच्या नात्यावर आपल्याकडे कार्यक्रम झाला की इरावती कर्वे यांचे नाव हटकून येते. १९२८ साली एक मराठी बाई बर्लिनला आली, मानववंशशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परत गेली, पुढे तिने 'युगांत' लिहिले. टाळ्या पडतात आणि निवेदक पुढच्या गाण्याकडे वळतो. माझी तक्रार या टाळ्यांबद्दल आहे. त्या पदवीला पडतात. पदवीसाठी बाईंनी काय लिहिले हे कुणी विचारत नाही, आणि ते कळले तर आपल्यातल्या अनेकांना ते सोयीचे वाटणार नाही.

बाईंचा विषय होता मानवी कवटीची डावी-उजवी बाजू. दोन्ही बाजू सारख्या असतात का, नसल्या तर किती फरक असतो, हे मोजायचे. बर्लिनच्या डालेम भागात १९२७ साली सुरू झालेल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत हे काम चालले. मार्गदर्शक होते संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर. त्यांचे गृहीतक असे, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा, म्हणून त्याची कवटी असमान, आणि म्हणूनच त्याची तर्कबुद्धी वरचढ. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळीकडेच होती. वंशाशी तिचा संबंध काही लागेना. तसे त्यांनी लिहून दिले.

आपल्या मंडळात आज पीएच.डी. करणारी मुले पुष्कळ आहेत. मार्गदर्शकाच्या लाडक्या गृहीतकाला सुरुंग लावून त्याच्याच सहीसाठी थांबायचे म्हणजे काय, हे त्यांना विचारा. इथे तर पंचविशीही न उलटलेली, परक्या भाषेत लिहिणारी, सावळी बाई. आणि समोर जर्मनीतला नामांकित प्राध्यापक. घरूनही निरोप एकमुखी नव्हता. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या महर्षी कर्व्यांनाही सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते. पती दिनकर कर्वे, स्वतः जर्मनीत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, ते मात्र ठामपणे पाठीशी राहिले.

हाडांकडून पुष्कळ काही कळते, यात शंका नाही. आजचा न्यायवैद्यक अस्थितज्ज्ञ कटीच्या हाडावरून बाई की पुरुष ते सांगतो, लांब हाडांची टोके जुळली की नाहीत यावरून वय सांगतो, मांडीच्या हाडावरून उंचीचा अंदाज बांधतो. बेवारस सांगाड्याला नाव मिळते, घरच्यांची वाट पाहणे संपते. हे मोठेच काम आहे. पण हाडाला अक्कल विचारायची, कुळाची थोरवी विचारायची, हा प्रश्नच वाकडा. प्रश्न वाकडा असला की मोजपट्टी कितीही सरळ असून काय उपयोग?

त्या वाकड्या प्रश्नाची किंमत जर्मनीने पाहिली आहे. फिशर १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधल्या शेकडो मुलांची जबरदस्तीने नसबंदी झाली. गुन्हा एवढाच, की बाप फ्रेंच सैन्यातला आफ्रिकी किंवा आशियाई शिपाई होता. त्या मुलांचे 'वंश' ठरवून देणाऱ्यांत फिशर होते. पुढे याच संस्थेला आउश्वित्झहून माणसांचे अवयव पाठवले गेले.

आता आपल्या घरात डोकावू. "आमच्याकडे सगळे घारे, मूळचे आम्ही तिकडचेच." "जर्मन काय, आपण काय, शेवटी आर्यच!" ही वाक्ये इथल्या मराठी पंगतीत ऐकू येतात, आणि तीही जर्मन शेजाऱ्यासमोर, कौतुकाने. शेजारी गोरामोरा होतो, आपल्याला वाटते लाजला! स्थळ बघताना रंग, नाक, पोटजात यांची यादी आजही होते. इंजिनीअर मुलगा म्युनिकला, यादी मात्र आजीच्या काळातली. बाईंच्या नावाने टाळ्या वाजवणारे हात हेच.

कुणी म्हणेल, बाईंनीही पुण्याला परतल्यावर जातीजातींतल्या माणसांची मापे घेतलीच की! घेतली, खरे आहे. बर्लिनमध्ये शिकलेली हत्यारे त्यांनी टाकून दिली नाहीत, आणि ज्या कवट्या त्यांनी मोजल्या त्यांत वसाहतींतून, मेलेल्यांच्या नातेवाइकांना न विचारता आणलेल्याही होत्या. म्हणून बाईंना देव्हाऱ्यात बसवा असे मी म्हणत नाही. आकड्यांनी जे सांगितले नाही ते सांगितल्याचा आव त्यांनी आणला नाही, एवढाच धडा घ्या. तो पुरेसा अवघड आहे.

दुसरा धडा डालेमच्याच मातीतला. २०१४ साली त्या जुन्या संस्थेजवळ, आताच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या आवारात, खोदकामात माणसांची हाडे सापडली. पुढच्या उत्खननात हजारो तुकडे निघाले. ती कुणाची? ज्यू, रोमा, आफ्रिकी? शास्त्राला आणखी खोल जाऊन तपासता आले असते. पण ज्यांच्या पूर्वजांची ती असू शकत होती अशा समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरले, की आता पुन्हा वंशवार वाटणी नको. मार्च २०२३ मध्ये ती सारी हाडे डालेमच्या वनस्मशानात एकत्र पुरली गेली. जिथे माणसांच्या वेगळ्या राशी करण्याचे शास्त्र चालले, तिथल्या हाडांची शेवटी एकच रास झाली.

मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. पुढची बर्लिन सहल ब्रांडेनबुर्ग गेटपाशी संपवू नका. मुलांना डालेमला, इनेश्ट्रासे २२ या इमारतीपाशी घेऊन जा. आज तिथे राज्यशास्त्र शिकवतात, आणि जुन्या संस्थेची आठवण देणारी पाटी दाराशी आहे. मुलांना तिथे उभे करून सांगा, की इथे एका मराठी बाईने कवट्या मोजल्या आणि साहेबाला हवे ते उत्तर दिले नाही. आणि हे सांगण्याआधी घरातली ती नाक-डोळ्यांची यादी फाडून टाका. ते जमणार नसेल, तर इरावतीबाईंचे नाव निदान भाषणात तरी घेऊ नका.