ओढतंय की!

आमच्या औशात गाडीची पारख एकाच प्रश्नात होते : ‘ओढतंय का?’ जीप असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर परवाच शोरूममधून आणलेली मोठी चारचाकी असो. चढाला ओढतंय का, चिखलात ओढतंय का, मागं ट्रॉली लावल्यावर ओढतंय का? ‘ओढतंय की!’ असं उत्तर आलं की सौदा पक्का. ‘थांबतंय का?’ असं विचारणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे. थांबणं हा जणू गाडीच्या अंगचा दुर्गुण. त्याची चौकशी चारचौघांत करू नये!

माझं भांडण या चालीशी आहे. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली, की लातूर-औसा-तुळजापूर रस्त्यावर ऊस चालू लागतो. मागून ट्रॅक्टर दिसत नाही, चाकं दिसत नाहीत, नुसता ऊस दिसतो. एखादा फडच कोर्टाच्या कामासाठी लातूरला निघालाय असं वाटावं. दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास माल आणि ओढणारा स्वतः जेमतेम दोन-अडीच टनांचा. नवरदेवानं अख्खं वऱ्हाड खांद्यावर घेऊन मांडवात यावं, तसला प्रकार.

एका ड्रायव्हरला मी विचारलं, “ट्रॉलीला ब्रेक कुठंय हो?”

तो माझ्याकडं दयेनं बघत म्हणाला, “ट्रॉलीला कशाला बिरेक, काका? बिरेक ट्रॅक्टरला हाय की!”

आहे, कबूल. पण बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतो तो फक्त मागच्या दोन चाकांना, आणि त्याची पेडलंही दोन. शेतात वळताना एकच चाक रोखता यावं म्हणून. रस्त्यावर आलं की ती पेडलं कडीनं एकमेकांना जोडायची असतात. ती जोडायची राहिली आणि घाईत एकावरच पाय पडला, तर ट्रॅक्टर थांबायचं सोडून गर्रकन वळतो. मागचे वीस टन मात्र सरळच जायचं म्हणतात. वळायचं आमंत्रण त्यांना कुणी दिलेलंच नसतं. बैलाला हे कळतं. उतारावर तो पाय रोवून गाडी अंगावर घेतो. माणूस डिझेल वाचवायला गियर काढून गाडी उतारावर सोडून देतो!

थांबण्याचं शास्त्र लातूरला कुणी दाखवलं नाही, असंही नाही. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिल महिन्यात, मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पुढं पुढं पन्नास. सगळ्यांनी पाणी पाहिलं; जोडणी कुणी पाहिली नाही. त्या गाडीत नुसतं इंजिन थांबत नाही, डबेही स्वतःच्या ब्रेकनं थांबतात. मधली कडी तुटलीच तर हवेची नळी सुटते आणि दोन्ही तुकड्यांना ब्रेक आपोआप लागतात. शेवटच्या डब्याला रात्री लाल दिवा असतो. तो दिसला नाही, तर काहीतरी मागं राहिलं असं धरून स्टेशनवाले धावपळ करतात. युरोपात लोक सुटीला जाताना मोटारीमागं चाकांवरची खोली जोडून नेतात. तिचं वजन ७५० किलोंच्या वर गेलं, की तिला स्वतःचा ब्रेक सक्तीचा. तिकडं गाद्या-उशांना ब्रेक, आणि आमच्या वीस टन उसाला ‘हाय की ट्रॅक्टरला!’

आमची जोडणी म्हणजे एक पिन. पिन उडू नये म्हणून क्लिप हवी. तिथं तार असते. पिन तुटलीच तर धरायला साखळी हवी. तिथं श्रद्धा असते. रोषणाई मात्र असते, पण ती सगळी पुढं. टपावर निळे-पिवळे दिवे, कानाशी स्पीकर. पाच मैलांवरून कळतं की ट्रॅक्टर येतोय, आणि पाच हातांवरून कळत नाही की ट्रॉली उभी आहे. लातूरला दुकान बंद करून मोटारसायकलवर घरी निघालेला कुणाचा तरी पोरगा अंधारात त्या पंक्चर ट्रॉलीवर जाऊन आदळतो. दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात, “त्याची वेळ आली होती.” वेळ कसली आली होती? चार चहांच्या पैशातला लाल रिफ्लेक्टर तेवढा आला नव्हता.

मग सगळे मिळून ड्रायव्हरला धरतात. मला हे पटत नाही. त्याचे पैसे टनावर आणि खेपेवर. कमी भरलं तर कमी मिळतात, हळू चाललं तर खेप बुडते. जादा भरायला आपणच त्याला पैसे देतो आणि जादा भरलं म्हणून आपणच त्याला शिव्या देतो. नियम म्हणाल तर मागच्या लाल रिफ्लेक्टरचा नियम १९८९ पासून छापून तयार आहे. हंगामाच्या सुरुवातीला हार-तुरे घालून, फोटो काढून दहा-वीस ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवण्याचा समारंभही होतो. अकराव्या किंवा एकविसाव्या ट्रॉलीला फोटो नाही, म्हणून रिफ्लेक्टर नाही.

उपाय काट्यावर आहे. हरेक ट्रॉली ज्या एका जागी थांबतेच, ती जागा म्हणजे कारखान्याचा काटा. तिथं किलोकिलोचा हिशेब होतो. त्याच माणसानं मान वळवून पिन, साखळी आणि मागचा दिवा बघावा. नसेल तर नंबर नाही. एका हंगामात सगळ्या ट्रॉल्या उजळतील. दिव्याचा आणि ब्रेकचा खर्च मात्र ड्रायव्हरच्या माथी मारू नका. टनावर ज्यांचं पोट आणि त्याहून ज्यांची तिजोरी भरते, त्यांनी तो करावा. साखर किलोमागं चार पैशांनी महागली तरी मी चहा तेवढाच गोड घेईन.

ओढतंय, हे आम्हाला केव्हाच पटलंय, मालक. थांबतंय का, तेवढं सांगा.