मोजकं लिहा, कळेल असं लिहा



कोनच्या एका गोदामात मी गाड्यांची नोंद ठेवते. मागच्या महिन्यात माल एक दिवस उशिरा निघणार होता. ड्रायव्हरदादांना मी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, पण साहेबांना लिहिते तसंच: इंग्रजीत, बारा ओळी, बदललेली तारीख अगदी शेवटी. दादा ठरल्या दिवशी पहाटेच गाडी घेऊन दारात! त्यांचा दिवसाचा धंदा बुडाला. म्हणाले, "ताई, तारीख वरच लिहायची ना!"

आधी वाटलं, त्यांनी नीट वाचलं नाही. मग पटलं, चूक माझीच. पाच समित्यांतली दुसरी भाषा समिती. हित, मित, प्रिय बोलावं. ती साधूंसाठी सांगितली असली, तरी माझ्या मते आपल्या मेसेजलाही लागू आहे. भगवान महावीरांनी उपदेश केला तो लोकांच्या अर्धमागधीत. मग गाडीचा निरोप इंग्रजीत कशाला?

आता मी लिहिते: "दादा, उद्या गाडी आणू नका. परवा गुरुवारी सकाळी ८ ला या. वाचलंत की कळवा." साहेबांना मात्र उशिराचं कारण आणि वाढणारा खर्चही लिहिते, कारण निर्णय त्यांना घ्यायचा असतो.

थोडक्यात लिहायचं म्हणून 'दादा' गाळू नका हं. मित हवं, तसं प्रियही हवं. पाठवण्याआधी एकदा स्वतःला विचारा: काय करायचं, ते वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळेल ना?