आकृती मशीन काढेल, ‘उशीर झाला तर?’ कोण विचारणार?

गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ची नरकचतुर्दशी आठवतेय? २० ऑक्टोबरच्या दुपारी स्नॅपचॅट, ड्युओलिंगो, रोब्लॉक्स अशी एकेक अ‍ॅप्स रुसून बसली. मूळ दुखणं अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये होतं. तिथली ‘अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस’ची यंत्रणा गडबडली आणि सगळं पूर्ववत व्हायला जवळपास १५ तास गेले. हॅकर नाही, केबल तुटली नाही. कंपनीनं नंतर सांगितलेलं कारण होतं ‘रेस कंडिशन’, म्हणजे दोन कामांच्या वेळांची टक्कर.

झालं असं की, डेटाबेसचे इंटरनेटवरचे पत्ते अपडेट करणारे एकसारखे प्रोग्रॅम तिथे स्वतंत्रपणे काम करत होते. त्यातला एक रेंगाळला. तोवर दुसऱ्यानं नवी यादी लावली आणि जुन्या याद्यांची साफसफाई सुरू केली. नेमक्या त्याच वेळी पहिल्यानं आपली जुनी यादी नव्या यादीवर चढवली. साफसफाईनं ती ‘जुनी’ म्हणून उडवली. पत्त्याची नोंदच रिकामी! प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं होतं. चुकली ती वेळ.

हे दाखवायलाच टायमिंग डायग्रॅम असते. आडवी रेघ वेळेची आणि प्रत्येक घटकाची एक पट्टी. कोण कधी सुरू झालं, कधी थांबलं, कुठे एकमेकांवर आलं, हे एका नजरेत दिसतं. पूर्वी हे माउसनं चौकोन ओढत करावं लागायचं. आता ‘प्लांटयूएमएल’मध्ये कुठल्या क्षणी कोण कुठल्या अवस्थेत, एवढं लिहिलं की आकृती तयार. चिपवाल्यांचं ‘वेव्हड्रॉम’ तर आणखी भारी. त्यात ‘०१.०’ लिहिलं की सिग्नल खाली, वर, तसाच वर, मग खाली. टिंब म्हणजे ‘आधीचंच चालू ठेव’. शिवाय सगळं मजकुरात असल्यानं कोडसोबत गिटमध्ये राहतं, काल कोणी काय बदललं तेही दिसतं.

आता तर ही लिपीही शिकायची गरज उरली नाही. चॅटबॉटला साध्या मराठीत सांगा, ‘ग्राहकानं पैसे भरले, बँकेनं होकार दिला, मग सीट बुक झाली.’ तो कोड लिहून देतो, प्रोजेक्ट रिपोर्टमधलं पान सजतं. वेळ वाचतो, हे खरंच. पण खरी मेख इथेच आहे. साध्या भाषेतली आपली वर्णनं ‘मग’वर चालतात. हे झालं, मग ते झालं. बँकेचा होकार किती सेकंदांत आला, तोवर दुसऱ्यानं तीच सीट निवडली का, हे आपण सांगितलंच नाही, तर मशीन एक तर ते सोडून देतं किंवा अंदाजानं भरतं. दोन्ही वेळा आकृती देखणीच दिसते. म्हणूनच ती जास्त फसवी. हातानं पट्ट्या जुळवताना निदान ‘ही कुठे संपवायची?’ हा प्रश्न आपल्याला पडायचा तरी.

म्हणून टूल वापरू नका, असं नाही. उलट वापराच, पण वर्णन लिहिताना तीन प्रश्नांची उत्तरं त्यात घाला. प्रत्येक पायरीला जास्तीत जास्त किती वेळ? ती उशिरा आली तर बाकीचे थांबणार की पुढे जाणार? आणि दोघं एकाच वेळी आले तर कोण जिंकणार? मग त्याच मजकुरात एक आकडा वाढवा, २ सेकंदांचे २० करा आणि आकृती पुन्हा काढा. हातानं काढताना हा खेळ कंटाळवाणा होता, आता मिनिटाचं काम आहे. या टूल्सचा खरा फायदा हाच.

व्हायवात परीक्षक आकृती कुणी काढली हे विचारतील, न विचारतील. पण ‘हे उशिरा आलं तर?’ असं विचारलं, तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागेल. नोकरीत तर हा प्रश्न परीक्षक नाही, बंद पडलेला सर्व्हर विचारतो.