सेलमची सहल आणि आपल्या डाकिणी

ऑक्टोबर आला की बॉस्टनकडच्या आपल्या मंडळींचे सेलमचे बेत सुरू होतात. आमच्या भाच्याचाही ठरलाय. गिरगावातून ताई-भावोजी तिकडे गेलेच आहेत, तर त्यांनाही नेणार म्हणे. टोकदार काळ्या टोप्या घालून फोटो वगैरे. मला हे पटत नाही, आणि "मामा, किती सीरियस होतोस रे" हे तर अजिबातच पटत नाही.

1692 साली तिथे चेटकाच्या आरोपावरून 19 जणांना फासावर चढवलं. त्यातल्या 14 बायका. म्हाताऱ्या जाइल्स कोरीने खटल्यालाच नकार दिला, तर त्याला अंगावर दगड रचून मारलं. चेटूक करणारं त्यांच्यात एकही नव्हतं! आणि आज त्याच गावात पोलिसांच्या गाडीवर झाडूवर बसलेली चेटकीण मिरवते.

भाचा म्हणतो, तीनशे वर्षं झाली त्याला. तिकडे झाली असतील रे. आपल्याकडे नंदुरबारच्या सातपुड्यात अजून बाईला डाकीण ठरवून मारतात, गावाबाहेर काढतात. मंत्राने गुरांचं दूध आटवल्याचा आळ घेणं हासुद्धा गुन्हा, असं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात लिहावं लागलं. तो कायदा यायला दाभोलकरांचा खून व्हावा लागला. लालबाग-परळात बसून "ते आदिवासी भागात चालतं" म्हणणं सोपं आहे. रस्त्यात पडलेलं उताऱ्याचं लिंबू बघून वाट बदलणारे इथेही कमी नाहीत...

जायचंच तर गॅलोज हिलच्या पायथ्याशी प्रॉक्टर्स लेजला जा. फाशी नेमकी तिथे दिली हे 2016 मध्ये नक्की झालं, 2017 मध्ये स्मारक झालं. तिथल्या भिंतीवर 19 नावं आहेत. ती ताईला वाचून दाखव.