विश्लेषण : फोन बोलतो, मग पुस्तक मुके का?

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तंत्रज्ञान म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते टॅब, श्रवणयंत्रे आणि स्मार्ट काठ्या वाटपाचे कार्यक्रम. उपकरणे हवीतच. पण मराठीतून शिकणाऱ्या दृष्टिहीन मुलाला आज जास्त अडते ते उपकरणाला वाचता येईल असा मजकूर मिळत नाही म्हणून. ही अडचण सोडवायला मोठा निधी लागत नाही, सक्ती लागते.

स्क्रीन रीडर म्हणजे काय?

पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी ही प्रणाली. संगणकावरची ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ पासून विकसित केली. ती फुकट आहे आणि मराठीही वाचते. अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा ‘टॉकबॅक’ आधीपासूनच असते. सेटिंगमधील ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त जाऊन ती सुरू करून पाहा. एकदा स्पर्श केला की नाव ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की ते बटण उघडते. म्हणजे साधा स्मार्टफोन हेच सहायक साधन झाले आहे.

मग घोडे अडते कुठे?

स्क्रीन रीडर अक्षराचा आकार पाहत नाही, त्यामागचा सांकेतिक क्रमांक वाचतो. युनिकोडमध्ये ‘म’ला स्वतःचा क्रमांक आहे. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले होते. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकित केला, तर संगणकाच्या लेखी ती ‘ई-जे-के-बी-एच’ ही इंग्रजी अक्षरे असतात. डोळस वाचकाला ‘मराठी’ दिसते आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला निरर्थक अक्षरमाला ऐकू येते.

दुसरा अडथळा स्कॅन केलेल्या पानांचा. अशी पीडीएफ म्हणजे नुसते चित्र. त्यातून अक्षरे ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, पण पान वाकडे किंवा पुसट असेल तर जोडाक्षरे आणि रकाने हमखास बिघडतात. गणिताची सूत्रे, नकाशे, आकृत्या यांना वर्णन जोडलेले नसेल, तर स्क्रीन रीडर ‘चित्र’ एवढेच सांगून पुढे जातो. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर परीक्षेच्या वेळापत्रकाचा फोटो टाकला जातो, तेव्हाही हेच घडते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके, अभ्याससाहित्य आणि योग्य सहायक साधने मोफत मिळायला हवीत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायदाही आडवा येत नाही. दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकाचे सुलभ रूपांतर नफा न कमावता करायचे असेल, तर परवानगी लागत नाही. अशी रूपांतरे देशोदेशी पाठवण्याची मुभा देणारा माराकेश करार २०१४ मध्ये मंजूर करणारा पहिला देश भारतच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितले, की सुलभतेचे निकष निव्वळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

तरीही काम का होत नाही?

कारण जबाबदारी कोणाचीच नाही. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झाले आणि अनेक स्वयंसेवी संस्था पुस्तके रूपांतरित करत आहेत. पण प्रकाशकाच्या संगणकात मजकूर तयार असताना स्वयंसेवकांनी छापील पुस्तक स्कॅन करून पुन्हा टंकित करायचे, हा उफराटा कारभार आहे.

प्रकाशकांचे दोन आक्षेप असतात. जुन्या फायली युनिकोडमध्ये नेताना चुका होतात, म्हणून मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते. हे खरे आहे. जुन्या पुस्तकांसाठी त्यांना मुदत आणि अनुदान द्यावे. नव्या पुस्तकांना मात्र ही सबब नाही. दुसरा आक्षेप पुस्तकचोरीचा. ज्या सरकारी पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ आधीच फुकट मिळतात, तिथे तो लागूच होत नाही.

परीक्षेचे काय?

वर्षभर संगणकावर शिकलेल्या मुलाला परीक्षेत मात्र लेखनिक शोधत फिरावे लागते. लेखनिकाला शब्द कळला नाही, तर गुण जातात ते विद्यार्थ्याचे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत संगणकावर उत्तरे लिहिण्याची आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळाची तरतूद केली होती. लेखनिकाची सोय राहावीच, पण स्वतः लिहू इच्छिणाऱ्यासाठी संगणक हा पर्याय प्रत्येक केंद्रावर असायला हवा. त्यासाठी प्रश्नपत्रिकाही स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा रूपात हवी.

करायचे काय?

सरकारी पैशातून छापल्या किंवा विकत घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या निविदेत एक अट घालावी : युनिकोड मजकूर, आकृत्यांची वर्णने आणि दृष्टिहीन वाचकाकडून प्रत्यक्ष चाचणी. अट पूर्ण झाल्याशिवाय देयक मंजूर करू नये. शिक्षक प्रशिक्षणात स्क्रीन रीडरची ओळख करून द्यावी. शाळांनी सूचनेचा फोटो न टाकता ती टंकित करून पाठवावी, त्याला तर शासन निर्णयाचीही गरज नाही.

याचा लाभ दृष्टिहीनांपुरताच राहत नाही. अंधूक दिसणाऱ्या मुलाला तोच मजकूर हवा तेवढा मोठा करता येतो, वाचन-अक्षमता असलेल्या मुलाला ऐकत ऐकत वाचता येतो. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांच्यातील शिकणाऱ्या मुलांच्या हाती टॅब ठेवून छायाचित्र काढणे सोपे आहे. त्या टॅबवर इयत्तेचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचता येते का, हे तपासूनच योजनेचे यश मोजले पाहिजे.