ब्रास, आर आणि शेततळं: शाळेत शिकलेलं मोजमाप जालन्यात प्रत्यक्ष हिशेबाच्या वेळी का अडतं?

एक सोपा प्रश्न. पट्टीवर पेन्सिल ठेवली आहे. तिचं एक टोक 2 वर आहे आणि दुसरं 8 वर. पेन्सिलची लांबी किती?

उत्तर आहे 6 सेंटिमीटर. पण अनेक मुलं 8 म्हणतात, कारण पट्टीवर शेवटी दिसणारा आकडा वाचायचा एवढंच त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं.

हा केवळ अंदाज नाही. 'असर 2023' या अहवालासाठी 26 राज्यांमधल्या 28 जिल्ह्यांत, ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयोगटातल्या मुलामुलींची पाहणी झाली. वस्तू पट्टीच्या शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे 85 टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्यापासून पुढे सरकवली, तेव्हा बरोबर उत्तर देणारे 39 टक्क्यांवर आले.

म्हणजे पट्टी वाचता येते, पण मोजणं म्हणजे काय हे अनेकांना उमगलेलं नाही. लांबीचं हे असेल, तर क्षेत्रफळ आणि घनफळाचं काय होत असेल? आणि त्यामुळे बिघडतं काय? हे समजून घेण्यासाठी जालना जिल्ह्यातली तीन उदाहरणं पाहू.

1. घरकुलाची वाळू आणि 'ब्रास'

राज्य सरकारच्या 2025 च्या वाळू धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्यांना 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आहे. अंबड, घनसावंगी या गोदाकाठच्या तालुक्यांत वाळू हा रोजच्या चर्चेचा विषय. पण 1 ब्रास म्हणजे नेमकं किती?

वाळू, खडी, मुरुम मोजताना 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. 10 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 1 फूट उंच असा ढीग डोळ्यांसमोर आणा. गोंधळ असा की प्लास्टर किंवा फरशीचं काम मोजतानाही 'ब्रास' हाच शब्द वापरतात, पण तिथे त्याचा अर्थ 100 चौरस फूट होतो. शब्द एकच, पण एकीकडे घनफळ आणि दुसरीकडे क्षेत्रफळ.

आता समजा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हौदा आतून 10 फूट लांब आणि 6 फूट रुंद आहे. तळाचं क्षेत्रफळ झालं 60 चौरस फूट. 1 ब्रास वाळू भरायची तर थर 20 इंच हवा. तो 18 इंचच भरला, तर डोळ्याला फरक जाणवणारही नाही. पण ते 2 इंच म्हणजे 10 घनफूट, म्हणजे ब्रासचा दहावा हिस्सा. अशा 5 खेपा झाल्या की अर्धा ब्रास वाळू कमी आली.

हा हिशेब सातवी-आठवीतल्या मुलाला यायला हवा. टेप घेऊन ट्रॉलीपाशी उभं राहून तो करता आला, तरच त्याचा घराला उपयोग.

2. शेततळ्यात पाणी किती?

दुष्काळाचे चटके सोसलेल्या या जिल्ह्यात शेततळ्यांना मोठं महत्त्व आहे. जालना तालुक्यातलं कडवंची गाव तर पाणलोटाची कामं, शेततळी आणि द्राक्षबागांसाठी राज्यभर ओळखलं जातं.

2016 मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत सर्वांत मोठं तळं 30 × 30 × 3 मीटर आणि सर्वांत लहान 15 × 15 × 3 मीटर होतं. शाळेतलं सूत्र लावलं तर मोठ्या तळ्याचं उत्तर येतं 2,700 घनमीटर.

पण तळ्याच्या बाजू सरळ उभ्या नसतात. माती ढासळू नये म्हणून त्यांना उतार देतात. 1:1 उतार धरला, तर 3 मीटर खाली जाईपर्यंत तळ प्रत्येक बाजूने 3 मीटर आत येतो. म्हणजे वर 30 × 30, पण तळाशी 24 × 24. वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि मधल्या पातळीवरच्या क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करायची, तिला 6 ने भागायचं आणि खोलीने गुणायचं. उत्तर येतं 2,196 घनमीटर.

1 घनमीटर म्हणजे 1,000 लिटर. म्हणजे हे झालं 21 लाख 96 हजार लिटर पाणी. 12 हजार लिटरचे 183 टँकर. उतार विसरून केलेल्या हिशेबात 504 घनमीटर पाणी जास्त धरलं जातं. हे 42 टँकर फक्त कागदावर असतात. मोसंबीच्या बागेला उन्हाळ्यात किती पाळ्या देता येतील, हे ठरवताना एवढी चूक महागात पडते.

लहान तळ्यात किती मावतं? 441 घनमीटर. लांबी-रुंदी निम्मी केली, तर पाणी निम्मं नाही, जवळपास पाचवा हिस्सा उरतं. बाजू निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होतं आणि उतार उरलेल्यातलाही काही भाग खातो.

3. सातबाऱ्यावरचा 'आर'

बोलताना आपण एकर-गुंठ्यात बोलतो. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर, 10 मीटर बाजूचा चौरस. 1 गुंठा म्हणजे 33 फूट बाजूचा चौरस, 1,089 चौरस फूट, म्हणजे सुमारे 101.17 चौरस मीटर.

दोन्ही जवळपास सारखे असल्यामुळे 'आर म्हणजेच गुंठा' असं सर्रास धरलं जातं. एका गुंठ्याला फरक किरकोळ आहे. पण 5 एकर, म्हणजे 200 गुंठे जमीन असेल, तर हा फरक सुमारे 234 चौरस मीटर होतो. म्हणजे अडीच हजार चौरस फूट! भावाभावांच्या वाटणीत किंवा खरेदीखतात यावरून वाद व्हायला एवढी जागा पुरेशी आहे.

मग शाळेत नेमकं काय राहून जातं?

क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, हे बहुतेक मुलांना पाठ असतं. पण क्षेत्रफळ म्हणजे त्या जागेवर एका मापाचे किती चौरस बसतात याची मोजणी, आणि घनफळ म्हणजे त्यात किती ठोकळे मावतात याची मोजणी, हे हाताने केल्याशिवाय समजत नाही. गुणाकार हा त्या मोजणीचा फक्त जवळचा रस्ता आहे. मोजणी न करताच थेट सूत्र दिलं, की आकार थोडा बदलला तरी मूल अडतं. पेन्सिल शून्यावरून सरकली की जसं अडतं, तसंच तळ्याला उतार आला की अडतं.

याच कारणामुळे आणखी एक चूक होते. 1 मीटर म्हणजे 100 सेंटिमीटर, म्हणून 1 चौरस मीटर म्हणजे 100 चौरस सेंटिमीटर असं मुलं लिहितात. खरं उत्तर 10,000 आहे. जमिनीवर खडूने 1 मीटरचा चौरस आखून त्यात सेंटिमीटरच्या चौकोनांची एक रांग भरायला लावली, तर एका रांगेत 100 आणि अशा 100 रांगा हे दिसतं. मग पाठ करावं लागत नाही.

काय करता येईल?

राज्यात 2025-26 पासून नवीन अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येतो आहे. पण या गोष्टींसाठी नव्या पुस्तकाची वाट बघायची गरज नाही. प्रयोगशाळाही लागत नाही.

- तुटलेल्या पट्टीने वस्तू मोजायला द्या. शून्य नसेल, तर मुलं अंतर मोजायला शिकतात.
- मैदानावर 10 × 10 मीटरचा चौरस आखा आणि शेजारीच 33 × 33 फुटांचा. आर आणि गुंठा एकत्र दिसतील.
- पुठ्ठ्याचा 1 फुटाचा खोका बनवा. असे 100 खोके म्हणजे 1 ब्रास. मग गावातल्या एखाद्या ट्रॉलीचं माप घ्या.
- पावसाळ्यात पर्जन्यमापक ठेवा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. शाळेच्या छतावरून किती पाणी वाहून गेलं, हे मुलांनाच काढू द्या.

यात वेळ जातो, आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई असलेल्या शिक्षकाकडे नेमका वेळच नसतो, ही अडचण खरी आहे. शिवाय परीक्षेत प्रश्न सूत्राचाच येणार असेल, तर मैदानावर कोण जाईल? त्यामुळे शिकवणं बदलायचं असेल, तर प्रश्नपत्रिकाही बदलावी लागेल. 'आयताचं क्षेत्रफळ काढा' याऐवजी 'या ट्रॉलीत 1 ब्रास वाळू आहे का, ते ठरवा' असं विचारावं लागेल.

जालन्यातली बरीच मुलं उद्या शेती करतील, घर बांधतील, जमिनीची वाटणी करतील. तेव्हा समोरचा माणूस जे माप सांगेल, ते त्यांना स्वतः टेप लावून तपासता आलं पाहिजे.