'पॉइंट' नावाची दृष्टी

महाबळेश्वरच्या 'पॉइंटां'ची इंग्रजी नावे बदलावीत, अशी मागणी अधूनमधून होत असते. तिच्यात अभिमान असेल, विचार मात्र बेताचाच आहे. 'बॉम्बे पॉइंट'चा 'मुंबई पॉइंट' करून नेमके काय साधले? साहेबाचे नाव पुसणे सोपे असते. साहेबाची नजर त्या नावामागच्या 'पॉइंट' या शब्दात आहे आणि तो शब्द कुणालाच खुपत नाही.

आज आपण ज्याला विल्सन पॉइंट म्हणतो, तो १,४३९ मीटर उंचीचा माथा मूळचा सिंदोळा. लेस्ली विल्सन १९२३ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होऊन आले आणि डोंगराला त्यांचे नाव चिकटले. केट्स पॉइंटचे जुने नाव नाकेखिंड. आता खिंड म्हटली की तिच्यातून वाट जाते, वाटेवरून ओझी जातात, वाटेच्या दोन्ही टोकांना गावे असतात. पॉइंटला फक्त कठडा असतो. तिथे पोचलेला माणूस दरीकडे तोंड करून उभा राहतो आणि गाव त्याच्या पाठीशी जाते. खिंडीचा पॉइंट झाला तेव्हा एका क्रियापदाचीही अदलाबदल झाली: 'जाणे' गेले, 'पाहणे' आले.

वेण्णा तलावाचेही तेच. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली पाण्याच्या सोयीसाठी बांधवून घेतलेला हा तलाव आज नौकाविहार, घोड्यावरची रपेट आणि मक्याची कणसे यांच्या यादीत जमा आहे. तिथे पाणी हे पाणी राहत नाही, 'आकर्षण' होते. (हा शब्द पर्यटनाच्या मराठीत कुणी रुजवला, त्याचा शोध एखाद्या विद्यार्थ्याने घ्यावाच.)

याचा दोष एकट्या पर्यटन खात्यावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपली प्रवासवर्णने काय वेगळे करतात? धुक्याची दुलई, हिरवा शालू, दरीतून येणारा गार वारा. सगळे लेखन कठड्यापाशी उभे राहून केलेले. ज्या गावात वर्षाला साधारण सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे चार महिने चूल कशी पेटती ठेवतात, हे त्यात सापडत नाही. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. त्यानंतर आपल्याच रानात काय करता येते आणि काय येत नाही, हा प्रश्न तिथल्या शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्यात शिरला. आपल्या ललित गद्यात त्याचे पडसाद शोधूनही फारसे मिळत नाहीत. निसर्गलेखन म्हणून आपण वर्गात जे शिकवतो, त्यात माणूस आलाच तर बहुधा घोडेवाला म्हणून येतो, आणि तोही विनोदापुरता.

'स्थानिक नावे जपू या' एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांना म्हणून एकच विचारायचे आहे. उद्या फलकावर 'सिंदोळा पॉइंट' असे लिहिले गेले, तर तुम्ही टाळ्या वाजवणार आहात का?